भपकारा नाही, वहिनी

माझ्या नाकाला वास येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहितो आहे ते सगळं वासाचंच आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा मोठा जाणकार दिसतो. तसं काही नाही. नांदुऱ्याला धान्याच्या गोदामात जन्म गेला. पोत्यांच्या थप्प्या लावायच्या, उतरवायच्या, कीड लागू नये म्हणून औषध मारायचं, वरून ताडपत्री ओढायची. त्या औषधानं नाक गेलं असं डॉक्टर म्हणाला. मी म्हणतो धुळीनं गेलं. कशानं का जाईना, गेलं. लोक म्हणतात, बरं झालं, घाण तरी येत नाही. घाण येत नाही तसा भाकरीचाही येत नाही आणि बायकोच्या केसातल्या तेलाचाही येत नाही, हे त्यांना कुठं सुचते.

आणि अशा माणसाला घरमालक भेटला तो असा, की ज्याला नाकाशिवाय दुसरं काही नव्हतंच.

उंद्रीहून पोट भरायला नांदुऱ्याला आलो तेव्हा त्याच्या आंगणातल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, त्या आजपर्यंत सोडल्या नाहीत. रुळापलीकडं घर, मध्ये आंगण, आंगणात एक लिंबाचं झाड, पाणी खारं. तो नगरपालिकेत कारकून होता, आरोग्य खात्यात. बायको लवकर गेलेली, मुलगा शिकून पुण्याला. पांढरा पायजमा, बंडी आणि खांद्यावर टॉवेल, कचेरी सोडली तर दुसऱ्या कपड्यात मी त्याला पाहिला नाही. नाक काही मोठं नव्हतं. बारीक, टोकाला लाल, टॉवेलानं सारखं पुसून पुसून झालेलं. आम्ही सगळे त्याला मालक म्हणायचो.

नाली तुंबली, जनावर मेलं, संडासाची टाकी भरली की लोक त्याच्या टेबलापाशी यायचे. एकदा आमच्या गल्लीसाठी मीच गेलो होतो. माझ्या पुढं एक किराणावाला उभा होता.

"साहेब, आमच्या इकडं लय घाण वास येऊन राह्यला."

मालकानं पेन खाली ठेवला. "घाण म्हणजे कसा?"

"घाण म्हणजे घाण."

"घाण ही वस्तू आहे. ती पडते, साचते. वास कसा ते सांगा. कुबट? आंबूस? सडका? का भपकारा येतो?"

"या ना साहेब तुम्हीच, अन घ्या वास."

"मी आलो तर मले कळंलच बे," मालक चिडला. समजावताना तो पुस्तकी बोलायचा आणि चिडला की वऱ्हाडीवर यायचा. "पण माणूस कोणता धाडू ते आता ठरवा लागते. कुबट असंल तर नाली हाय. सडका असंल तर काहीतरी मेलं. भपकारा असंल तर टाकीचं झाकण फुटलं. झाडूवाला पाठवू का टाकीवाला?"

किराणावाला माझ्याकडं बघायला लागला. मी काय सांगणार. मी म्हणालो, "मले विचारू नका, मले काहीच येत नाही."

मालकाला तेव्हा कळलं की आपल्या भाडेकरूला नाक नाही. संध्याकाळी घरी आला आणि दारात उभा राहून माझ्याकडं असा बघत राहिला, जसं कोणाचं घर जळालं आहे.

रोज सकाळी तो आंगणात फेरी मारायचा. भाडेकरणींच्या स्वयंपाकघरांसमोरून चालत जायचा आणि न थांबता सांगायचा. "तेल खवट झालं, टाकून द्या." "डाळ बुडाले लागली." "कूलरमधला भुसा कुबट झाला, तीच हवा लेकरं रातभर खाऊन राह्यले." बायका चिडायच्या, पण वाकून बघायच्या. डाळ लागलेली असायची. एका लग्नाच्या पंगतीत त्यानं बुंदीचा लाडू नाकाशी नेला आणि पानाच्या कडेला ठेवला. वाढपी म्हणाला, घ्या ना साहेब. हा म्हणाला, "खवट आहे. मागच्या लग्नातलं तूप दिसतं." नवरीचा बाप तिथंच उभा होता. त्या घरानं पुढं मालकाला कोणत्याच कार्याला बोलावलं नाही. तो म्हणायचा, त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याला बघवायची नाही, अगरबत्ती. देवासमोरची चालायची. पण मोरीतून वास येतो म्हणून कोणी अगरबत्ती लावली की हा आत घुसून ती विझवायचा. "वासावर चादर टाकता का?" म्हणायचा. "खाली तो तसाच आहे."

त्याच्या सगळ्या शब्दांत त्याचा आवडता शब्द भपकारा. आता तुम्ही म्हणाल यात काय आवडण्यासारखं. पण तो असा बोलायचा की ऐकत राहावं. उन्हाळ्यात दिवस कलला की आंगणात पाणी मारून आम्ही खाटा टाकायचो, तेव्हा त्याची शाळा भरायची.

"वास असतो," तो म्हणायचा. "तुम्ही खोलीत गेलात, वास आहे. तुम्ही बाहेर आलात, वास तिथंच आहे. भपकारा असत नाही. भपकारा येतो. उठून अंगावर येतो आणि तोंडावर आपटतो. एकदाच. मग उरतो तो नुसता वास."

"अन हा शब्द काढला कोणं?" माझ्या बायकोनं विचारलं. ती भाजी निवडत दाराशी बसली होती.

"दारू गाळणाऱ्यांनी," मालक म्हणाला. "मोहाची दारू ज्या भांड्यात गाळतात त्याला भपका म्हणतात. त्याचं तोंड उघडलं की जी आंबलेली वाफ येते, तो भपकारा."

मागच्या गल्लीतले भटजी पाय मोकळे करायला आले होते. ते म्हणाले, "छे हो. मूळ संस्कृत. बाष्प. बाष्पाचं भाप, भापाचा भपकारा. दारूवाल्यांना तुम्ही कशाला मोठेपणा देता?"

"बाष्पाला वास असतो का?"

"म्हणजे?"

"पाणी उकळलं, बाष्प झालं. वास येतो का? नाही येत. मग भपकारा कुठून आला?"

भटजी म्हणाले तुम्ही दारूचं इतकं कसं जाणता, आणि दोघांची जुंपली. बायको ऐकत होती. मधेच ती म्हणाली, "मी सांगू का मालक? लोणच्याची बरणी नासली अन तिचं झाकण उघडलं का काय आवाज होते? भप्. म्हणून भपकारा. झाकण ठेवलं म्हणून येते तो. उघडं असतं तर कायचा भपकारा?"

भटजी मोठ्यानं हसले. मालक हसला नाही. बरणीला आवाज होत नाही म्हणाला. तिनं उठून घरातून एक डबा आणला, ज्यात काय होतं ते मला माहीत नाही, आणि त्याच्या नाकाखाली झाकण काढलं. आवाज झाला. भटजी धोतर सावरत मागं सरले. मालक डोळे मिटून बसून राहिला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "आंबील आहे. परवाची." पण शब्दाचं त्यानं मानलं नाही. पुढं कित्येक उन्हाळे तो वाद आंगणात चालू राहिला. ती त्याला ताक नेऊन द्यायची आणि द्यायच्या आधी झाकण काढून म्हणायची, "ऐका मालक." तो म्हणायचा, "शब्द भपक्यातून आला, वहिनी."

मी त्यात नसायचो. मला वास माणसांच्या चेहऱ्यावरून कळतो. बाईचा पदर नाकाशी गेला की समजायचं. माणूस श्वास धरून बोलायला लागला की समजायचं. गेल्या सगळ्या वर्षांत मी तेवढंच शिकलो आहे.

कोरोनात मालकाला दवाखान्यात नेलं. मुलाला पुण्याहून येता आलं नाही. आम्हाला वाटलं आता काही परत येत नाही, पण आला. वाळून गेला होता. त्यानंतर त्यानं सकाळच्या फेऱ्या बंद केल्या. कधी आंगणात आलाच तर कूलरकडं बघून म्हणायचा, "भुसा बदला, कुबट झाला असेल." बायका एकमेकींत म्हणायच्या, म्हातारा सुधारला. मलाही तसंच वाटलं.

मग आमच्या घरात सुरू झालं.

बायकोच्या छातीला गाठ होती. तिनं ती कितीतरी दिवस कोणाला सांगितली नाही, आणि सांगितली तेव्हा अकोल्याचा डॉक्टर म्हणाला, आता उशीर झाला. गाठ फुटली. जखम झाली ती भरलीच नाही. पट्टी मी करायचो. नर्स ठेवून पाहिली, तर ती तोंडाला दोन दोन मास्क लावून यायची आणि लवकर जायची. मला काही त्रास नव्हता, मला काही येतच नव्हतं. नाक गेल्याचं एवढं एक बरं झालं.

तोवर मुलगा, सून आणि नात आमच्यातच राहायला आले होते, आणि मालकानं मागं पत्र्याची एक खोली काढून दिली होती. तिची खाट त्या खोलीत होती. सून वाईट नाही. जेवण आणायची, कपडे धुवायची, कधी तोंड वाकडं केलं नाही. पण खोलीत यायच्या आधी दारात थांबायची, पदर नाकाशी न्यायची आणि मग तो खाली करून, श्वास धरून आत यायची. मला दिसायचं. खाटेवरून बायकोलाही दिसायचं.

"अवो," ती एक दिवस म्हणाली, "माझा वास येते का?"

"मले कसं कळंल?"

"हाव, तुमाले कसं कळंल. तुमचं नाक अन गोदामाची भिंत सारखीच."

तिनं मुलाला विचारलं. तो दारातूनच म्हणाला, "नाही आई, काहीच नाही." सुनेला विचारलं. ती म्हणाली, "नाही हो आई. काऊन असं मनात आणता?" आणि खोलीत अगरबत्ती लावली, आणि पाठोपाठ खिडकी लावून घेतली, धूर बाहेर जाऊ नये म्हणून.

त्या दिवसांत नातीला बघायला बीबी गावचे पाहुणे यायचं ठरलं. त्या पोरीला हिनं मांडीवर वाढवलं होतं. मुलगा माझ्याजवळ येऊन चाचरत म्हणाला, "बाबा, पाहुणे असेपर्यंत आई मागंच राहिली तर... दार लावून घेऊ. आराम होईल तिला." पण पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येते.

पट्टी करायला गेलो तर ती भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"सगळे म्हणतात येत नाही," ती म्हणाली. "अन कोणी उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही. मंग मी काय येडी झाली का? मलेच भास होऊन राह्यला?"

"नको विचार करू."

"मालकाले बोलवा."

"कायले?"

"तो माणूस कोणाचं मन राखत नाही. त्याचं नाक आणा माझ्यापाशी. भपकारा येते म्हणाला तर मी आपसूक मांगं राहीन, पाहुण्यायच्या समोर येणार नाही. पण कोणी खरं सांगितल्याबिगर मी या खोलीत दार लावून बसणार नाही. माझ्या नातीची पसंती हाय."

मी जाऊन सगळं सांगितलं, तसा मालक काठी टेकत आला. मुलगा आणि सून दारात उभे होते. तो आत आला आणि सरळ खाटेशी स्टूल ओढून बसला. ती त्याच्याकडं बघत होती. तसं बघताना मी तिला आधी कधी पाहिली नव्हती, डॉक्टरसमोरही नाही.

"मालक, सांगा."

तो पुढं वाकला. डोळे मिटले. नाकपुड्या फुगवून लांब श्वास घेतला, पंगतीत लाडवाचा घेतला होता तसा.

"वास येते, वहिनी," तो म्हणाला.

सून दारात एकदम "काका" म्हणाली. पण हिनं डोळे मिटले आणि तिचं सगळं अंग सैल पडलं. "हाव ना," म्हणाली. "मी म्हणतच होती." मग तिनं विचारलं, "भपकारा?"

"भपकारा नाही, वहिनी. वास येते. जखमेचा येते, औषधाचा येते. आजारी माणसाचा येणार. भपकारा कधी येईल ते सांगू? हे दार असंच लावून ठेवलं अन पाहुणे बसले असताना कोणी उघडलं, तर येईल. तुम्हीच सांगितलं होतं मले. झाकण ठेवलं म्हणून येते तो."

"म्हणजे मानलं का माझं?"

"मानलं नाही. शब्द भपक्यातूनच आला. झाकणाचं तेवढं तुमचं बरोबर."

ती हसली. हसताना दुखायचं तिला, तरी हसली. मालकानं उठून अगरबत्ती खिडकीच्या गजावर विझवली आणि खिडकी ढकलून उघडली. मग मुलाकडं वळून म्हणाला, "काय बघतो बे, खाट उचल. लिंबाखाली घे. वारा लागू दे त्यायले."

पाहुणे आले त्या दिवशी ती लिंबाखाली उशीला टेकून बसली होती, नवं पातळ नेसून. नवऱ्या मुलाच्या आजीनं आधी पदर नाकाशी नेला. मी बघत होतो. मग हिनंच सांगितलं, "जखम हाय छातीले, वास येते, वाऱ्याच्या अंगानं बसा." ती आजी वाऱ्याच्या अंगानं बसली, पदर खाली सोडला, आणि दोघी लेकरांबद्दल, दुखण्यांबद्दल बोलत बसल्या. पसंती झाली. लग्न काही हिनं पाहिलं नाही.

शेवटपर्यंत मालक रोज तिच्या खाटेजवळ येऊन बसायचा. पेपर वाचून दाखवायचा, मधे थांबून वाद घालायचा. त्याच्याकडं बघून बाकीचे भाडेकरूही यायला लागले. सूनही बसायला लागली, श्वास न धरता. बायको गेली तेव्हा दिवसाचं ऊन होतं आणि आंगणात माणसं होती. मागच्या खोलीत गेली असती तर मला आज काय वाटलं असतं ते मी लिहीत नाही.

ती गेल्यावर सगळे कपडे धुवून झाले. एक गोधडी राहिली होती, आजारपणाच्या आधीची, तिच्या अंगावरची. सून म्हणाली, ही पण धुवून टाकते मामाजी. मी नाही म्हणालो आणि गोधडी उचलून मालकाकडं गेलो. मला एवढंच विचारायचं होतं, की हिच्यात तिचा वास आहे का. जखमेचा नाही, आधीचा. मला कळत नाही, त्याला कळेल. असेल तर धुऊ देणार नाही. नसेल तर मग काय, धुवा.

दुपार होती. तो खुर्चीत पेपर धरून बसला होता आणि मागं गॅसवर दुधाचं भांडं काळं पडत होतं. धूर छताला लागला होता. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

"मालक, दूध जळालं ना. तुमाले वास नाही आला?"

त्यानं वळून भांड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. उठला नाही. पेपरची घडी केली.

"कोरोनात गेलं, भाऊ," तो म्हणाला. "आलंच नाही परत."

मी खाली बसलो. पहिल्यांदा मला राग आला, हे खरं आहे. मग मला तिची खाट आठवली, त्याचे मिटलेले डोळे, फुगलेल्या नाकपुड्या.

"मंग तिले येते काऊन सांगितलं? नाही म्हणायचं होतं."

"नाही म्हणणारे घरात होते की," मालक म्हणाला. "त्यायचं तिनं कुठं मानलं?" टॉवेलानं नाक पुसलं, सवयीनं. "अन येते हे मले तिच्या तोंडावरच दिसलं. सुनेच्या दिसलं. दोघंच होतो आपण त्या खोलीत, ज्यायले काही येत नव्हतं."

मी गोधडी पुढं केली. काय विचारायला आलो होतो ते त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं ती हातात घेतली, तोंडाशी नेली आणि लांब श्वास घेतला, लहान पोरासारखा, एखाद वेळी येईलही म्हणून. मग खाली केली.

"मले नाही सांगता येत, भाऊ. सुनेले विचार. अन पेटीत घालून ठेवू नको."

गेल्या हिवाळ्यात मालक गेला. मुलगा पुण्याहून आला आणि त्याच्या खोल्यांना कुलूप लावून गेला. आमची खाट अजून लिंबाखाली आहे. दिवसभर गोधडी तिच्यावर पडलेली असते, मी तिथंच बसतो.

परवा सून गोधडी झटकायला आली. झटकता झटकता थांबली आणि ती तोंडाजवळ धरून उभी राहिली. पदर खांद्यावर होता, नाकाशी नव्हता.

मी विचारलं, "येते का?"

"येते ना, मामाजी."

"कसा येते?"

ती सांगायला लागली आणि थांबली. तोंड उघडं होतं, शब्द सापडत नव्हता. मी वाट बघितली. मग तिनं गोधडी घडी न करता परत खाटेवर पसरली आणि आत निघून गेली.